गोमा तांडेलानं मामलेदारांना मधे बसवलं

गोमा तांडेलाचं नाव आधी लिहून टाकतो. माणूस गोष्ट सांगण्याच्या भरात आला की शेवटी शेवटी सगळं आपणच केलं असं त्याला वाटायला लागतं. तसं माझ्या हातून व्हायला नको. मुंबईहून अलिबाग बंदरात मचवा आणणारा गोमा तांडेल, राहणार थळ. त्यानं मला वाचवलं. आता काय झालं ते.

सकाळचे नऊ वाजले होते आणि मी अलिबागच्या क्लबातल्या स्नूकरच्या टेबलाखाली उताणा पडलो होतो. टेबलाच्या एका पायाखालून पत्त्यांच्या जोडातली चौकटची दुर्री काढायची की ठेवायची ह्याचा विचार करत होतो. क्लबचे सेक्रेटरी वकीलसाहेब जवळच उभे होते. मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. उजवा बूट सारखा हलत होता.

"काल चेंडू समुद्राकडे जात होता," वरून आवाज आला. "आज डोंगराकडे जातोय. उद्या काय छताकडे जाणार आहे?"

"साहेब, एक पत्ता काढून बघतो."

"काढा. घाला. काय हवं ते करा. चार वाजता फायनल आहे, मिस्टर फिटर. तोवर हे टेबल सरळ झालं नाही तर मुंबईचा माणूस खेळणार नाही, चँपियनशिप बुडेल आणि उद्याच्या टपालानं तुमच्या कंपनीला माझं पत्र जाईल. टेबल परत, आणि टेबलाबरोबर तुम्हीही परत."

मला कुणी मिस्टर म्हणालं की मी मागे कोण उभं आहे ते बघतो. अजून बघतो.

मी शिकलेला मराठी चौथी. सांगोल्याकडचं आमचं गाव; तिथं पाणी विहिरीत असतं, आणि तेही तळाशी. वडील गेल्यावर शाळा सुटली, एका नातेवाइकाचं बोट धरून मुंबईला आलो आणि बिलियर्ड-स्नूकरची टेबलं बसवणाऱ्या कंपनीत चिकटलो. सात वर्षं बाबू मिस्त्रींच्या हाताखाली काढली. आईला पत्रात कळवलं की मी टेबलं सरळ करतो. तिनं मास्तरांकडून उलट लिहून घेतलं, "आणि वाकडी कोण करतं?" ह्याचं उत्तर अलिबागच्या त्या खेपेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

ज्यांनी हे टेबल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, सहा भोकं. भोकाला पॉकेट म्हणायचं. वर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणलेलं असतं. बनातीखाली लाकूड नसतं, दगड असतो. शाळेत ज्या पाटीवर आपण अ आ गिरवतो तोच दगड, फक्त दीड-दोन इंच जाड. अशा पाच फरशा शेजारी शेजारी. एकेक उचलायला चार माणसं, आणि पाचवा नुसता ओरडायला. हे सगळं बसलं की लेव्हल लावायची. लेव्हल म्हणजे काचेची नळी. आत पाण्यासारखं काहीतरी आणि एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की टेबल सपाट. नाही थांबला तर पायाखाली लाकडाची पाचर, आणि अगदी शेवटचं केसभर उचलायला पत्ता. पत्ते सगळे एका जाडीचे असतात, म्हणून. बाबू मिस्त्री म्हणायचे, बाकी सगळं जग खोटं बोलेल, बुडबुडा बोलणार नाही.

आमच्यात एक रिवाजही आहे. टेबल लागलं की पहिला फटका फिटरचा. क्यू, म्हणजे मारायची काठी, फिटरनं हातात घेऊन एक चेंडू मारायचा. त्याआधी मग कलेक्टर असो नाहीतर गव्हर्नर, कुणी टेबलाला हात लावायचा नाही. मोठे साहेबही हे पाळतात. अलिबागचं टेबल ही माझी पहिली एकट्याची खेप होती, म्हणजे पहिला फटका पहिल्यांदाच माझा होता. निघताना कंपनीचे मॅनेजर रुस्तमजी मला म्हणाले होते, "डिकरा, पहेली वार एकलो जाय छे. फरशी तुटली तर तू भी तुटला, समजला ने?"

फरशी तुटली नाही. त्याचं कारण गोमा तांडेल.

तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. पाचही फरशा पेट्यांत घालून त्याच्या मचव्यात उतरवल्या होत्या आणि मी त्यांतल्या एका पेटीला मिठी मारून डोळे मिटून बसलो होतो. समुद्र मी लांबून पाहिला होता. त्याच्यावर बसलो नव्हतो. मचवा सुटायच्या आधी एक मिठागरवाले शेठ वाऱ्याच्या अंगाला, कडेला ऐसपैस बसले. गोमानं सुकाणूवरूनच हाक दिली.

"शेट, उठा. मधी बसा."

"अरे, मी हवेला बसलोय."

"हवा होरीलाबी लागते. मधी!"

शेठ उठले. मधे बसले. मागोमाग एक हेडक्लार्क, एक फौजदार, सगळ्यांना त्यानं असंच इकडून तिकडे केलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मी भीत भीत विचारलं, "मी कुठं बसू?"

त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं. "तू कुटंबी बस. तुजा भार तो काय, चिंबोरीएवरा." चिंबोरी म्हणजे खेकडा, हे मला नंतर कळलं.

अलिबागच्या बऱ्याच मोठ्या लोकांची मुंबईची ये-जा गोमाच्याच मचव्यातून होती. रेवसच्या बोटीसाठी बैलगाडीतून धूळ खात जाण्यापेक्षा हे बरं, असं ते म्हणत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चँपियनशिप. विलायतेत प्रोफेशनल लोकांची स्नूकरची चँपियनशिप सुरू झाल्याचं वकीलसाहेबांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. तिकडे होते तर आपल्या किनाऱ्यावर का नको? इथले प्रोफेशनल म्हणजे मार्कर. मार्कर हा क्लबचा पगारी माणूस. तो गुण मांडतो, सभासदांना खेळ शिकवतो, त्यांच्याशी खेळतो आणि बहुतेक वेळा शिताफीनं हरतो. चार ठिकाणचे चार मार्कर बोलावले. त्या दिवसांपुरतं त्यांना खरं खेळायची परवानगी होती, म्हणून चौघंही फार खुशीत होते.

पहिला दिवस नीट सुरू झाला. मी सकाळी लेव्हल लावली, पहिला फटका मारला, चेंडू दोरीवरून गेल्यासारखा गेला आणि तसाच परत आला. मला रडू यायचं बाकी होतं. चार वाजता मंडळी जमली, खेळ सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या फटक्याला मुंबईचा मार्कर पीटर ताठ उभा राहिला. त्यानं हळूच मारलेला चेंडू समोरच्या कोपऱ्याकडे निघाला होता. वाटेत त्याला काय वाटलं कोण जाणे. तो वळला आणि समुद्राच्या अंगाच्या मधल्या पॉकेटात जाऊन पडला.

"काय मेन," पीटर म्हणाला, "हा टेबल हाय का घसरगुंडी? घरच्या माणसाला सगळा माहीत, कुठे किती वळते."

अलिबागच्या क्लबचे मार्कर उस्मानभाई मुरूडकडचे. शांत माणूस. पण त्यांनाही ते लागलं. "मियाँ, माझा चेंडू पण तिकडेच चाललाय. मी काय त्याला फूस लावलीय?"

कशीबशी ती दुपार संपली. दोघं गळाले, फायनलला पीटर आणि उस्मानभाई आले. पण टेबल सरळ केल्याशिवाय क्यू उचलणार नाही, असं पीटरनं सगळ्यांच्या देखत सांगितलं. मंडळी गेल्यावर मी लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध! मी नळी हलवली, उलटी केली, फुंकर मारली. मधोमध. मग मला वाटलं, बुडबुडा गेला खड्ड्यात, डोळ्यांनी बघितलं ते खरं. समुद्राच्या अंगाच्या पायांखाली चार पत्ते घातले आणि झोपायला गेलो. सकाळी वकीलसाहेबांनी हौसेनं एक चेंडू सोडला, तो डोंगराकडे गेला. इथं मी टेबलाखाली होतो आणि तुम्ही आत आलात.

दहा वाजेपर्यंत गावातले निम्मे शहाणे येऊन गेले. डॉक्टर म्हणाले, खाऱ्या हवेनं दगड फुगतो. एक जण म्हणाला, बनात उलटी लावली असेल. हायस्कूलच्या मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. काल खेळाच्या वेळी भरती होती. चंद्र एवढा समुद्र ओढतो, तर एक चेंडू का ओढणार नाही? सकाळी ओहोटी, म्हणून चेंडू उलटा.

चौथी शिकलेल्या माणसाला हायस्कूलचं म्हणणं खोडता येत नाही. शिवाय मला तेव्हा कुणी काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं. मी धावत बंदरावर गेलो. गोमा मचव्याच्या फटीत कापूस ठोकत होता.

"तांडेलकाका, आज भरती कितीला?"

"का रं, तुला कुटं जावाचा हाय?"

"मला नाही. चेंडू जातोय."

त्यानं हातोडी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. चंद्राचंही सांगितलं. तो एवढा हसला की पलीकडच्या होडीतली माणसं उठून बघायला लागली.

"आरं, माजी रिकामी होरी चिखलातना उचलाला भरतीला दोन घंटे लागतात. ती भरती तुजा चेंडू वरच्या वर नेल व्हय?" मग त्यानं माझं तोंड बघितलं. "जेवलास का?"

"नाही."

"चल. आदी बघू तुजा टेबल."

क्लबात आल्यावर गोमानं टेबलाकडे बघितलंच नाही. अनवाणी पायांनी तो खोलीभर फिरला. समुद्राकडच्या खिडक्यांशी रांगेनं मोठ्या खुर्च्या होत्या, तिथं थांबला आणि टाचेनं दोनदा दाबून बघितलं, जसं मचव्यात पाऊल ठेवताना बघतात.

"काल हितं कोण बसलेला?"

मी सांगितलं. मामलेदारसाहेब, डॉक्टर, खोत, मिठागरवाले शेठ, दोघं वकील. खिडकीतून वारा येतो, म्हणून ती बाजू मोठ्या लोकांची.

"आन तिकरं, भिंतीला?"

"कारकून, मास्तर लोक."

"म्हंजी वालले बोंबील." गोमानं मान डोलावली. "फिटर, तुजा टेबल सीधा हाय. तुजी जमीनच होरी हाय."

मी टेबलाखाली दोन दिवस लोळलो होतो आणि एकदाही जमिनीखाली वाकून बघितलं नव्हतं. क्लबची ती खोली पूर्वी भाताचं गोदाम होती. ओल लागू नये म्हणून जोत्यावर तुळया टाकून वर फळ्या ठोकलेल्या. तुळया भिंतीपासून भिंतीपर्यंत, खाली पोकळ. त्याच तुळयांवर माझं टेबल आणि त्याच तुळयांवर अलिबागचे सगळे मोठे लोक. ते एका अंगाला बसले की तुळया तिकडे दबत आणि टेबल केसभर कलत असे. स्नूकरला केसभर पुष्कळ होतं. मंडळी उठून गेली की जमीन परत जागेवर. बुडबुडा खरंच बोलत होता, पण रिकाम्या खोलीबद्दल.

"खात्री कशी करायची?" मी विचारलं.

गोमा बाहेर गेला. आला तो त्याचे पाच खलाशी आणि बाजारातून परतणारी त्याची बायको पारूबाय यांना घेऊन. पारूबाय चांगली भरभक्कम बाई. तिनं टोपली दाराशी ठेवली, पदर खोचला आणि खिडकीजवळच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसली.

"मी कोण?"

"तू मामलेदार," गोमा म्हणाला.

"मंग मना चा आन." शेजारच्या खुर्चीत एक खलाशी बसला होता, त्याच्याकडे वळून म्हणाली, "आन हा कोण?"

"तो डागदर."

"ह्यो डागदर? त्याचाच खोकला जात न्हाय!"

सगळे बसले. मी चार पत्ते काढून टाकले होते. चेंडू मधोमध ठेवला आणि हात काढला. चेंडू थोडा थरथरला. मग हळूच, अगदी संकोचानं, मामलेदारांच्या दिशेनं चालू लागला. लेव्हलमधला बुडबुडा उलट्या बाजूला सरकला. मी पारूबायला आणि दोघा खलाशांना खुर्च्यांसकट भिंतीकडे जायला सांगितलं. बुडबुडा मधे आला. चेंडू ठेवला तिथं राहिला.

मी गोमाच्या पाया पडायला वाकलो. तो मागे सरला. "पाया कसला परतंस. मना एक मारू दे ना." त्यानं भिंतीवरची एक क्यू उचलली आणि वल्ह्यासारखी दोन्ही हातांत धरली. "कवापास्नं बघतंय. कसा धरतात हा दांडा?"

मी दाखवायला गेलो आणि तेवढ्यात दारात वकीलसाहेब आले.

त्यांनी काय बघितलं तेही लक्षात घ्या. मामलेदारांची खुर्ची भिंतीशी, तिच्यात पारूबाय, आजूबाजूला उघडे खलाशी, गोमाच्या हातात क्लबची क्यू, आणि दाराशी बोंबलाची टोपली.

"हे काय चाललंय?"

"बसा वकील," पारूबाय म्हणाली. "तुमचीबी तपासनी हाय."

"क्यूला बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही! क्लबचा नियम आहे!"

गोमानं क्यू जिथं होती तिथं नीट ठेवली. जराही रागावला नाही. "ऱ्हाऊ दे," मला म्हणाला. "कवातरी."

मी वकीलसाहेबांना सगळं समजावलं. पटेना, म्हणून त्यांनाच खिडकीशी बसवलं आणि पारूबायला त्यांच्या शेजारी. चेंडू त्यांच्या दिशेनं निघाला. वकीलसाहेबांनी पाय वर घेतले, जणू तो चावणार होता.

"टेकू लावता येतील?"

"येतील साहेब, पण दोन दिवस लागतील. टेबल पुन्हा उचलून लावावं लागेल."

"मग त्या बाजूला पत्ते घाला."

"काल तेच केलं. पण मंडळी उठतात, बसतात, उशिरा येतात. मामलेदारसाहेब पान थुंकायला उठले की चेंडू डोंगराकडे."

"मग एकच उपाय उरतो. सगळ्यांना सारखं वाटून बसवायचं." इतकं म्हणून ते खाली बसले. "म्हणजे मामलेदारसाहेबांना सांगायचं की साहेब, आपण फार जड, आपण कारकुनांत बसा. कोण सांगणार? मी नाही सांगणार. माझी एक केस आहे त्यांच्यापुढे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"मी बसवतो," गोमा म्हणाला. "मना रोजचाच हाय."

चार वाजले. गोमा तांबडी टोपी आणि धुतलेला सदरा घालून दारात उभा होता. मी टेबलाच्या कडेवर लेव्हल ठेवून तिच्यामागे उभा होतो. मी जागचा हललो तरी जमीन हलेल अशी मला भीती वाटत होती. मामलेदारसाहेब आले. कुणाकडे न बघता खिडकीकडे निघाले.

गोमानं मचव्यातला आवाज काढला. "रावसाब! मधी!"

मामलेदारांचं पाऊल होतं तिथं थांबलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, मचव्यात घेतात तशी. अंग चोरलं. गोमानं बोट दाखवलं तिकडे, भिंतीलगतच्या दोन कारकुनांच्या मधे जाऊन ते बसले. बसल्यावर त्यांनी इकडे तिकडे बघितलं. आपण क्लबात आहोत हे त्यांच्या ध्यानात येत असावं. पण तोवर गोमा पुढे गेला होता.

"डागदर, तुमी हितं. शेट, तुमी..."

"कुठं बसू?" शेठनं विचारलं. त्यांना सवय होती.

खोत तेवढे अडले. "हा क्लब आहे की मचवा? मी रोज खिडकीशी बसतो."

आणि भिंतीकडून मामलेदारसाहेबांचा आवाज आला, "बसा ना खोत, सांगतात तिथं." एकट्यानंच उकाड्यात बसणं त्यांना मान्य नसावं.

मी बुडबुड्यावर डोळे लावून गोमाला खुणा करत होतो. थोडं इकडे. अजून थोडं. "मास्तर, तुमी उठा. तुमी आन तुमची छत्री तिकरं." बुडबुडा मधोमध आला आणि थांबला.

फायनल पाच फ्रेमची होती. फ्रेम म्हणजे एक डाव. पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत, आणि क्यूनं मारायचा एक पांढरा. लाल एक गुणाचा, सगळ्यात शेवटचा काळा सात गुणांचा. ज्याचे गुण जास्त त्याची फ्रेम. पहिल्या दोन उस्मानभाईंनी घेतल्या, पुढच्या दोन पीटरनं. पाचवीत सगळे चेंडू गेले, फक्त काळा राहिला, आणि दोघांचे गुण असे की काळा घालेल तो चँपियन. पाळी उस्मानभाईंची. चेंडू हळू मारायचा होता. टेबल कललेलं असेल तर हळू चेंडूलाच ते पहिल्यांदा कळतं.

उस्मानभाई वाकले. आणि खोत नीट दिसावं म्हणून खुर्चीतून उठायला लागले. माझा बुडबुडा हलला.

"हालू नका!" गोमा ओरडला.

सगळी खोली गोठली. खोत अर्धवट उठलेले तसेच परत टेकले. डॉक्टरांनी तपकीर चिमटीत धरली होती; त्यांचं नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण ते शिंकले नाहीत. त्या माणसाचेही माझ्यावर उपकार आहेत. बुडबुडा परत आला.

उस्मानभाईंनी मारलं. काळा चेंडू निघाला. सावकाश, सरळ, रेघ मारल्यासारखा. पॉकेटच्या ओठाला लागला आणि तिथंच थांबला. आत पडला नाही. पीटर पुढे झाला आणि त्यानं तो पाडला.

आपला माणूस हरला. वकीलसाहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडात वाक्य तयार होतं, मला ते दिसत होतं. "ह्या टेबलानंच..."

"वकीलसाब." उस्मानभाईंनी खडू खाली ठेवला. ते घामानं भिजले होते. "टेबलाला काही बोलू नका. चेंडू मी पाठवला तिथंच गेला. वाकडा माझा हात होता, टेबल नाही."

हा माणूस चँपियनशिप नुकता हरला होता. टेबलावर ढकलून मोकळं होणं त्याला किती सोपं होतं! वकीलसाहेबांनी तोंड मिटलं. पीटर मला म्हणाला, "टेबल बरोबर हाय, मेन," आणि माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की मी लेव्हलसकट पुढे गेलो.

तरी कुणी उठेना. मामलेदारसाहेब, डॉक्टर, खोत, सगळे जागच्या जागी, गोमाकडे बघत. गोमाच्या ते उशिरा लक्षात आलं.

"आला बंदर," तो म्हणाला. "एकेक करून उतरा."

डॉक्टर तेव्हा शिंकले.

पुढच्या आठवड्यात जमिनीखाली टेकू लावले. लाकूड गोमाच्याच एका मोडलेल्या डोलकाठीचं. टेबल तिथं अजून आहे आणि सपाट आहे. एका पायाखाली चौकटची दुर्री राहिली ती राहिलीच; ब्रिज खेळणारे ती अजून शोधतात असं उस्मानभाईंनी मागे कळवलं. मुंबईत रुस्तमजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डिकरा, जमीन भी बघायची, हे तुला कोण शिकवला? बाबू मिस्त्री?" मी म्हटलं, "नाही, एक तांडेल." त्यांना ते खरं वाटलं नाही. तेव्हापासून मात्र मी कुठंही गेलो की आधी खुर्च्या कुठं आहेत ते बघतो, मग त्यांवर कोण बसतं ते विचारतो, आणि लेव्हल सगळ्यात शेवटी काढतो. रिकाम्या खोलीत टेबल सपाट लावणं कुणालाही जमतं.

ह्याला आता सहा-सात वर्षं झाली. आईला मी उत्तर लिहून पाठवलं आहे, वाकडी कोण करतं त्याचं. गोमाला मात्र मी काहीच देऊ शकलेलो नाही. त्यानं मागितलं होतं तेही एवढंसंच होतं. क्लबचा नियम मी मोडू शकलो नाही. खरं सांगायचं तर तोंड उघडण्याची माझी छाती झाली नाही. पण क्लबात टेबल लागेपर्यंत ते क्लबचं नसतं, फिटरचं असतं. काशीदच्या बाजूला एका बंगल्यात टेबल बसवायची बोलणी चालू आहेत असं कानावर आहे. तिथलं नाही जमलं तर दुसरीकडचं. ह्या किनाऱ्यावर माझ्या हातानं पुढचं टेबल जेव्हा लागेल, बनातीला इस्त्री होईल आणि बुडबुडा मधोमध थांबेल, तेव्हा मी गोमाला आणायला थळला माणूस पाठवीन. त्या टेबलावरचा पहिला फटका मी मारणार नाही. क्यू कशी धरायची ते दाखवीन आणि बाजूला उभा राहीन.